मे-जूनमध्ये सेरेंगेटी: स्थलांतर दिसेल का, आणि कुठे थांबावं?

प्रश्न पुण्याच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, त्यांचे सत्तरीच्या आसपासचे आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं, त्यामुळे सुट्टी फक्त मे-जूनमध्ये. टांझानियातल्या सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप चाऱ्या-पाण्यामागे फिरतात. ते स्थलांतर बघायचं तर ऑगस्टच हवा, असं त्यांना सगळे सांगतात. मग मे-जूनमध्ये जाण्यात अर्थ आहे का, आणि आठ दिवसांत केनिया आणि टांझानिया दोन्ही होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी थेट उत्तर. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा काळ घ्या. मेच्या सुरुवातीला मोठा पाऊस अजून ओसरलेला नसतो आणि रस्ते खराब असतात, म्हणून ते दिवस टाळा. फक्त टांझानिया करा. मुक्काम मध्य सेरेंगेटीतल्या सेरोनेरा भागात आणि पश्चिमेला ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात ठेवा. उत्तरेला मारा नदीवर जाऊ नका, कारण कळप तेव्हा तिथे पोचलेलेच नसतात. आणि मारा नदी ओलांडणारे प्राणी दिसले नाहीत म्हणून सहल वाया गेली, हा विचार निघण्यापूर्वीच मनातून काढून टाका. गेली बरीच वर्षं मी मराठी मंडळींचे गट घेऊन तिथे जातो. नदीचा तो एक प्रसंग म्हणजेच सेरेंगेटी, या समजुतीनेच लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण स्थलांतर हा एखाद्या तारखेचा कार्यक्रम नाही. ते बारा महिने चालू असतं. हवाई गणनांमधून साधारण १२ ते १३ लाख वाइल्डबीस्ट असा आकडा अनेक वर्षं वापरात आहे. त्यांच्यासोबत दोन लाखांच्या वर झेब्रे आणि काही लाख थॉमसन्स गॅझेल (छोटी हरणं) असतात. हे सगळे कुठे ना कुठे असतातच. कुठे, हे गवत ठरवतं, आणि गवत कुठे चांगलं हे पाऊस आणि माती ठरवतात. हे एकदा समजलं की कुठल्या महिन्यात कुठे थांबायचं ते तुमचं तुम्हालाच नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.

म्हणून थोडं मातीबद्दल. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या आग्नेयेला न्गोरोंगोरोचा ज्वालामुखींचा डोंगराळ प्रदेश आहे आणि त्यापलीकडे ओल दोइन्यो लेंगाई हा जागता ज्वालामुखी. त्याचा लाव्हा सोडियम कार्बोनेटने भरलेला असतो. असा लाव्हा ओकणारा दुसरा जागता ज्वालामुखी आज पृथ्वीवर नाही. या आणि आसपासच्या जुन्या ज्वालामुखींची राख लाखो वर्षं वाऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन पडली आणि दक्षिण सेरेंगेटीचं सपाट माळरान तयार झालं. पावसाच्या पाण्यात राखेतला चुना विरघळून खाली उतरला आणि जमिनीखाली थोड्याच खोलीवर त्याचा कडक थर बनला. झाडांची मुळं त्यातून पार जात नाहीत. म्हणून उद्यानाच्या दक्षिणेकडच्या फाटकाजवळच्या नाबी टेकडीवर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की क्षितिजापर्यंत झाड नाही, फक्त बोटभर उंचीचं गवत. ते दिसायला तुटपुंजं असलं तरी कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असतं. दूध पाजणाऱ्या मादीला आणि हाडं धरणाऱ्या वासराला नेमकं हेच लागतं.

मग प्राणी कायम तिथेच का राहत नाहीत? पाणी नाही म्हणून. आग्नेयेच्या माळावर वर्षाला साधारण ५०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि वायव्येला मारा नदीकडे जाता जाता तो दुपटीच्या आसपास पोचतो. पाऊस थांबला की दक्षिणेतली डबकी आटतात, उरलेलं पाणी खारट होतं, गवत वाळतं. उत्तरेला मात्र बारमाही वाहणारी मारा आहे आणि उंच, भरपूर, पण कमी कसाचं गवत आहे. म्हणजे दक्षिणेला पोषण आणि उत्तरेला पाणी. या दोन टोकांमधली ओढाताण म्हणजेच हे स्थलांतर.

आता वर्षाचा फेरा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या छोट्या पावसात कळप दक्षिणेच्या माळावर परततात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते न्दुतूच्या आसपास असतात आणि तिथे वासरं जन्मतात. साधारण ८० टक्के माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात. वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि दिवसभरात आईच्या बरोबरीने पळायला लागतं. इतकी वासरं एकाच वेळी जन्मली की सिंह, तरस, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार, म्हणून बहुतेक वासरं ते पहिले नाजूक दिवस निभावून नेतात. ज्यांना वर्षातली कोणतीही वेळ निवडण्याची मोकळीक आहे, त्यांना मी ऑगस्टऐवजी फेब्रुवारीच सांगतो. मोकळ्या माळावर लांबवरचं सगळं दिसतं, आणि चित्त्याने केलेली शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

तुमचा मे-जून म्हणजे फेऱ्याचा पुढचा टप्पा. मोठा पाऊस सरता सरता कळप दक्षिण सोडून मोरूच्या खडकांजवळून सेरोनेराच्या पश्चिमेला वळतात. आणि याच काळात त्यांचा माजाचा हंगाम असतो. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाइल्डबीस्ट मादीचा गर्भकाळ आठ महिन्यांच्या थोडा वर. फेब्रुवारीत वासरं हवीत तर मीलन मे-जूनमध्येच व्हायला हवं, आणि तेव्हा तर सगळा कळप चालता असतो. त्यामुळे नर चालत्या कळपातच जागा धरतो. छोटासा तुकडा, काही तासांपुरता, फार तर एक-दोन दिवसांपुरता. तेवढ्यात तो माद्यांना वळवून आत आणतो, शेजारच्या नराशी गुडघे टेकून शिंगं भिडवतो, डोकं झटकत गोल गोल धावतो आणि सतत घुमत राहतो. हजारो नर एकाच वेळी घुमत असले की तो आवाज रात्री तंबूतही थांबत नाही. दोन दिवसांनी कळप पुढे सरकतो, नर जागा सोडून त्याच्या मागे निघतात आणि पुढच्या मैदानावर पुन्हा तेच सुरू. वाहनांची गर्दी तेव्हा नसते, गवत अजून हिरवं असतं, हवा पावसाने धुतलेली, धूळ नाही. मुलांना हे बघायला फार आवडतं, कारण सारखं काहीतरी घडत असतं.

जूनमध्ये कळपांचा मोठा भाग पश्चिम पट्ट्यात ग्रुमेतीकडे येतो. ही नदी माराइतकी रुंद नाही, पुढेपुढे तर ती डोहांपुरतीच उरते. पण तिच्यातल्या मगरी प्रचंड असतात. काठच्या दाट झाडीत काळेपांढरे कोलोबस वानर दिसतात, ते सेरेंगेटीत इतरत्र सहसा भेटत नाहीत. या पट्ट्यात काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या रानासारखी. पाऊस पडला की गाडी रुतते आणि वाळली की भेगा पडतात. म्हणून पश्चिमेच्या मुक्कामासाठी जितकं जूनमध्ये जाता येईल तितकं बरं. इथे त्सेत्से माश्याही आहेत आणि त्यांचा चावा चांगलाच दुखतो. त्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढल्या जातात. वाटेत झाडांना टांगलेली निळी-काळी फडकी दिसतील, ते त्यांच्यासाठी लावलेले सापळेच असतात. तेव्हा जीन्स आणि काळे टी-शर्ट घरीच ठेवा, खाकी किंवा मातकट रंग घ्या.

जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मारा नदीचा काळ. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. हजारो प्राणी काठावर जमतात, तासन् तास घुटमळतात, एखादं उडी टाकतं आणि मग सगळा लोंढा पाण्यात. बघणारा हादरून जातो. पण ते घडेलच याची हमी कुणीच देऊ शकत नाही. दिवसभर थांबून कळप आल्यापावली परत गेलेला मी पाहिला आहे. आणि काठावर गाड्यांची जी रांग लागते, तिने कित्येकदा प्राण्यांची चढायची वाटच अडते. बाहेर पडायला जागा नसली की मागून येणारे पुढच्यांना तुडवतात. तुमचा ड्रायव्हर काठापासून मागे थांबत असेल तर त्याला पुढे घ्यायला सांगू नका. नदीत बुडणाऱ्यांचा अभ्यासही झालेला आहे: केनियाच्या बाजूला मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांच्या वर वाइल्डबीस्ट बुडून मरतात. मगरी त्यातला लहानसा वाटाच खातात. गिधाडं, मारबू करकोचे आणि मासे उरलेल्यावर जगतात, आणि हाडांमधून काही वर्षं फॉस्फरस पाण्यात झिरपत राहतो. दक्षिणेच्या राखेतून गवतात, गवतातून हाडांत आलेला तो फॉस्फरस अशा रीतीने उत्तरेच्या नदीला मिळतो.

तुम्ही जे बघणार आहात ते निसर्गचित्र वाटतं तितकं जुनं नाही, हेही मुलांना जरूर सांगा. १८९०च्या सुमारास गुरांचा बुळकांड्या रोग पूर्व आफ्रिकेत पसरला. मसाईंची गुरं गेली, माणसं उपासमारीने मेली, आणि वाइल्डबीस्ट व रानम्हशी पटापट पडल्या. पुढची अनेक दशकं हा रोग दरवर्षी वासरांना मारत राहिला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या जर्मन पिता-पुत्रांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून इथल्या प्राण्यांची पहिली हवाई गणना केली. १९५९च्या जानेवारीत त्याच विमानाच्या अपघातात मिखाएल गेला. त्याची समाधी न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी-विवराच्या काठावर आहे, तुमच्या वाटेवरच लागेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली, १९६३च्या सुमारास रोग वाइल्डबीस्टमधून नाहीसा झाला, आणि १९७७पर्यंत त्यांची संख्या १३ लाखांच्या पुढे गेली. लस दिली गाईंना, वाढले रानातले प्राणी!

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तोंडं पाचपट झाल्यावर उंच वाळलं गवत उरेना, म्हणून वणवे कमी झाले. वणव्यात जळून जाणारी बाभळीची रोपं तग धरू लागली. त्याच काळात हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेले, त्यामुळेही झाडांना उसंत मिळाली. आज सेरोनेराच्या उत्तरेला जी छत्रीसारखी बाभळीची झाडी दिसते, त्यातली पुष्कळशी त्या लसीकरणानंतरच्या काळातली आहे. गवताळ प्रदेश समजून घ्यायचा असेल तर मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. हा रोग २०११मध्ये जगातून संपल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

आणि हा प्रदेश कधी निर्मनुष्यही नव्हता. १९५१मध्ये उद्यान झालं. १९५९मध्ये न्गोरोंगोरो वेगळं काढलं आणि सेरेंगेटीत गुरं चारणाऱ्या मसाईंना तिथून हलवलं. मोरूच्या खडकांवर त्यांनी रंगवलेल्या ढाली आजही आहेत. त्यांच्या जमिनीचा वाद मिटलेला नाही. वाटेत मसाई वस्ती बघायला नेतील तेव्हा हे ठाऊक असू द्या, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

शिकारी प्राण्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे: कळप गेले की सिंहही त्यांच्या मागे जातात. तसं होत नाही. सिंहांचे बहुतेक कुटुंबकळप आपापली हद्द धरून बसतात. वाइल्डबीस्ट आले की चंगळ, गेले की रानडुक्कर, रानम्हैस, गॅझेल यांवर भागवायचं. पिल्लं मरतात ती याच रिकाम्या महिन्यांत. सेरोनेरात म्हणूनच बारा महिने सिंह दिसतात. नदीकाठच्या किगेलियाच्या झाडांवर बिबट्या बघा. लांब दुधीसारखी फळं लोंबणारं हे झाड आपल्याकडे पुण्या-मुंबईतही शोभेसाठी लावलेलं आहे, मुलं लगेच ओळखतील. सेरेंगेटीच्या सिंहांचा अभ्यास १९६६मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी सुरू केला. त्याआधी ते मध्य प्रदेशात कान्हाला वाघांवर काम करत होते, त्यामुळे आपल्याकडच्या जंगलप्रेमींना त्यांचं नाव परकं नाही.

ठिपकेवाल्या तरसांची रीत सर्वांत निराळी. पिल्लांची बिळं एका जागी आणि कळप चाळीस-पन्नास किलोमीटरवर, असं झालं की माद्या तेवढं अंतर चालून जातात, खातात आणि पिल्लांना पाजायला परत येतात. पुन्हा पुन्हा. पहाटे रस्त्याच्या कडेने एकटीच, एकाच दिशेने, संथ चालीत जाणारी तरस दिसली तर ती बहुधा या वाटेवरची असते. तरस म्हणजे उष्ट्यावर जगणारा प्राणी, ही समजूत इथे तरी खोटी आहे. ते बहुतेक अन्न स्वतः मारून खातात.

वाइल्डबीस्ट आणि झेब्रे एकत्र का चरतात, हेही विचारलं जातं. झेब्रा उंच, राठ गवत पचवू शकतो, वाइल्डबीस्टला त्याखालची पानं लागतात, आणि दोघांनी खाऊन गेल्यावर फुटणारे कोवळे कोंब गॅझेलला. म्हणून झेब्रे पुढे, असं पूर्वी सरळ सांगितलं जाई. अलीकडच्या अभ्यासात त्याला दुसरी बाजूही दिसली: वाइल्डबीस्टची झुंड आली की काही उरत नाही, म्हणून झेब्र्यांना पुढे सरकावंच लागतं. तुम्ही स्वतः बघा. एका ठिकाणी दोन तास थांबलात तर कोण कुठलं गवत खातंय ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं.

मोरूसारख्या खडकांच्या टेकड्यांना तिथे कोप्ये म्हणतात. राखेच्या समुद्रातून वर आलेली ही अतिप्राचीन खडकांची टोकं आहेत. त्यांच्या फटींत पाणी साठतं म्हणून झाडं उगवतात. सशाएवढे हायरॅक्स, निळ्या-गुलाबी रंगाचे सरडे आणि सकाळी ऊन खात बसलेले सिंह इथे भेटतात. सिंबा आणि मोरू या कोप्यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवाच. पक्षी बघणाऱ्यांनी कोरी बस्टर्डवर लक्ष ठेवावं. आपल्या माळढोकाचा हा सख्खा भाईबंद तिथे आरामात फिरताना दिसतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी डोळे ताणलेल्या माणसाला ते बघताना आनंदही होतो आणि वाईटही वाटतं. आपण आपल्या माळरानांना पडीक जमीन म्हणत आलो, त्याची किंमत या पक्ष्याने मोजली.

आता तुमचे आठ दिवस. केनियातलं मासाई मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून आहेत, पण पर्यटकांना मधून सरळ पलीकडे जाता येत नाही. गाडीने जायचं तर इसेबानियाच्या सीमेवरून लांबचा वळसा पडतो. त्यात एक पूर्ण दिवस जातो आणि आई-वडिलांच्या पाठीचे हाल होतात. त्यापेक्षा अरुशा या टांझानियातल्या शहरात एक रात्र, न्गोरोंगोरोला एक, सेरोनेरात तीन, ग्रुमेतीच्या बाजूला दोन, आणि परतताना छोट्या विमानाने अरुशा. येतानाचा रस्ता विमानाने वाचवणं हा सर्वांत उपयोगी खर्च आहे, कारण नाबी ते न्गोरोंगोरो हा कच्चा, खडबडीत रस्ता ज्येष्ठांना एकदाच पुरे होतो. छोट्या विमानात सामान सहसा १५ किलोपर्यंत आणि मऊ बॅगेतच चालतं.

न्गोरोंगोरोचा काठ जवळपास २,३०० मीटर उंचीवर आहे. जूनमध्ये तिथे कडाक्याची थंडी आणि धुकं असतं. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे भरणारे लोक तिथे कुडकुडतात, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. वडिलांना दम लागत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर उंचीबद्दल डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारा. पिवळ्या तापाच्या लशीचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी ताजा नियम तपासा.

गाडी फक्त तुमच्या कुटुंबापुरती घ्या. सहा माणसांना एक लँड क्रूझर पुरते आणि प्रत्येकाला खिडकी मिळते. दुर्बीण मात्र एकीवर भागवू नका, निदान तीन तरी न्या. उधार मागून न्या, पण न्या. शाकाहारी जेवण मिळतं, आधी कळवावं लागतं. चकल्या, लाडू, मेतकूट जरूर न्या, पण दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत नको. टांझानियात २०१९पासून त्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून ठेवायला लावतात. डबे किंवा कापडी पिशव्या वापरा.

शेवटी, सहल ठरवताना कंपनीला हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा तीन गोष्टी विचारा. रोजचा मुक्काम नेमका उद्यानाच्या आत की बाहेर? बाहेर असेल तर पहाटेचा सर्वांत चांगला तास फाटकापर्यंत जाण्यात संपतो. किलोमीटरवर मर्यादा आहे का? असेल तर ड्रायव्हर कळप शोधायला लांब जाणार नाही. आणि ड्रायव्हर-गाइड सगळे दिवस एकच आहे का? एकच असेल तर दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्या आई-वडिलांच्या वेगाने गाडी चालवायला लागतो, आणि मुलांना काय आवडतं तेही त्याला कळलेलं असतं.